नांदेडचं सरबत

पांढरी पूड दिसली की तिचा एक कण जिभेच्या टोकावर ठेवायचा आणि डोळे मिटायचे, ही माझी सवय अजून गेलेली नाही. बायको म्हणते, निदान लग्नाच्या पंगतीत तरी असलं करत जाऊ नका, लोकांना वाटतं तुम्ही भेसळ पकडायला आलात. पण करणार काय? खरं ग्लुकोज जिभेला गार लागतं. पिठीसाखर तितकी गार लागत नाही, आणि मैदा मिसळला असेल तर तो टाळूला चिकटून बसतो. एवढं ज्ञान मिळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत.

मी लातूरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारपेठेमागच्या एका गल्लीत व्यायामशाळा चालवायचो. शाळेत मला सर म्हणत, व्यायामशाळेत वस्ताद. सरांनी जन्मभर शिट्टी वाजवली आणि पोरांना रांगेत उभं केलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. वस्तादाचं मात्र सांगायला हवं. वजन उचलणाऱ्यानं काय खावं आणि कधी खावं हे तो शिकवायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर शिकवायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ताकद म्हणजे दूध, बदाम आणि अंडी. स्नायू बांधायला ते लागतं हे खरं. पण ऐन बार उचलताना स्नायू जाळतो ती साखर. ती भाकरीतून येते, भातातून येते, गुळातून येते. म्हणून व्यायामाच्या दोन-अडीच तास आधी भाकरी खायची. त्याच्यानंतर खाल्ली तर बार वर जातो आणि भाकरीही वर येते. अर्धा तास राहिला की थोडं गोड. आणि व्यायाम संपला की अंग पुसायच्या आधी गूळ-शेंगदाणे किंवा दोन केळी, म्हणजे रिकामं झालेलं कोठार परत भरायला लागतं. माझी सगळी विद्या एवढीच. हल्ली याच गोष्टीसाठी पोरं परदेशी चित्रांचे डबे आणतात आणि प्लास्टिकच्या पेल्यात खळाखळा हलवून पितात. मी मागे जाऊन उभा राहतो आणि डब्यावरचं बारीक छापलेलं वाचतो. त्यांना वाटतं म्हाताऱ्याला कौतुक आहे.

कौतुक वगैरे काही नाही. मी संशयी माणूस आहे, आणि व्यायामशाळेत संशयाला भरपूर काम असतं. आमच्या पेठेत एका दुकानात सुटं ग्लुकोज मिळायचं. ते मला जरा जास्तच स्वस्त वाटलं. शाळेच्या प्रयोगशाळेतून मी आयोडीनची बाटली आणली आणि दुकानदाराच्या देखत त्याच्या पुडीवर दोन थेंब टाकले. पीठ असलं की आयोडीन निळं-काळं पडतं. ते पडलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "दमट हवेनं रंग बदलत आसंल, वस्ताद." त्या वर्षी लातुरात पावसाचा टिपूस नव्हता.

तेव्हापासून आयोडीनची बाटली माझ्या खिशात असायची. पोरं पाठीमागून हसायची. हसू देत, पोटात पीठ जाण्यापेक्षा बरं, असं मला वाटायचं.

माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात नामी होते मन्मथअप्पा, गुळाचे आडते. कपाळावर विभूती, पांढरं धोतर, आणि धोतरावर मोठं पोट. पोट कमी करायला आले होते. मी विचारलं, "अप्पा, गोड किती खाता?" अप्पांनी कानाला हात लावला. "शिवशिव! गोड म्हंजे आपल्याला वर्ज्य हाय. चहा बी बिनसाखरेचा." तीन महिने त्यांनी इमानदारीत डंबेल्स मारले. पोट होतं तिथंच राहिलं. पण एक गोष्ट मला खटकली. सकाळी आठला आले तर अप्पा दमून जायचे, आणि दुपारी सौद्यावरून परस्पर आले की तेच डंबेल्स दुप्पट वेळा मारायचे.

म्हणून एका दिवशी मी मार्केट यार्डात एका पोत्यांच्या थप्पीआड उभा राहिलो. गुळाचा सौदा कसा होतो हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. आडत्या ढेपेचा कोपरा फोडतो, रंग बघतो, कण बघतो, आणि तुकडा तोंडात टाकतो, कारण खारवट पाण्यावरच्या उसाचा गूळ खारट लागतो आणि ते जिभेशिवाय कळत नाही. अप्पा एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे जात होते. मी मोजले, सव्वीस तुकडे. शेवटी मी थप्पीआडून बाहेर आलो.

"अप्पा, हे काय?"

अप्पा जराही ओशाळले नाहीत. "हे व्हय? हे खाणं न्हाई वस्ताद, हा धंदा हाय. गूळ का थुकून टाकू? लक्ष्मी हाय ती."

अप्पांचं पोट काही उतरलं नाही, पण मला विद्या मिळाली. व्यायामाआधीचं गोड किती कामाचं असतं हे मी आधी ऐकून होतो, अप्पांनी ते डोळ्यांनी दाखवलं. त्याशिवाय अप्पांनी मला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे माणिक.

माणिक त्यांच्या आडतीवर हमाल होता. वय तिशीच्या आतलं, बांधा लहान, पण शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये असा चढायचा की फळी हलायची नाही. अप्पाच त्याला घेऊन आले. म्हणाले, "ह्याला तुमच्या लोखंडाला लावून बघा. माझं नुकसान हाय त्यात, पन पोरगं चांगलं हाय." मी आधी त्याचे दात पाहिले, तंबाखू खातो का म्हणून. मग जीभ बघितली. मग त्याला तीनदा विचारलं की दारू पितोस का. तो तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे "न्हाई" म्हणाला. तरी महिनाभर मी त्याच्या तोंडाजवळ जाऊन बोलायचो, वास येतो का ते बघायला.

त्याच्या तोंडाला वास कधी आला नाही. दीड वर्षात तो माझ्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात चांगला वजन उचलणारा झाला. सांगितलेलं तो जसंच्या तसं करायचा. भाकरी किती वाजता म्हटलं तर तितक्या वाजता. गूळ किती म्हटलं तर तितकाच, खडा जास्त नाही. बाकीची पोरं गूळ-शेंगदाण्यांच्या डब्यावर तुटून पडायची, हा मात्र मी वाटीत देईपर्यंत हात पुढे करायचा नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादपासून आम्ही वेगळे झालो होतो आणि गावात पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. ज्या कचेरीला कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं तिच्या नावाआधी आज 'जिल्हा' लागत होतं. पाट्या वाढत होत्या आणि पाणी आटत होतं. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. टँकर आला की आमच्या गल्लीत व्यायामशाळेतली पोरं बार सोडून घागरी धरायला पळायची. मी त्यांना अडवत नसे.

त्याच उन्हाळ्यात नांदेडला मराठवाड्याची वजन उचलण्याची स्पर्धा ठरली. लातूर जिल्ह्याचा पहिलाच संघ जाणार होता. संघ म्हणजे माणिक आणि मी. पाट्या रंगवणाऱ्यालाच पकडून मी माणिकच्या बनियनवर 'लातूर जिल्हा' असं लिहून घेतलं. बनियन धुतल्यावर रंग पाठीला लागायचा, पण माणिकला त्याचं फार अप्रूप होतं.

त्याच्यासाठी ही स्पर्धा बनियनपुरती नव्हती. नव्या जिल्ह्याला नवे पोलीस लागणार होते आणि भरतीचं बोलणं चालू होतं. नांदेडला पहिला आला तर तो राज्याच्या स्पर्धेला जाणार, आणि राज्याचं प्रमाणपत्र हातात असलं की भरतीत त्याचं नाव वर जाणार, हे मला एका ओळखीच्या हवालदारानं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी माणिकचं वय भरतीच्या बाहेर जात होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. माणिक फार बोलत नसे, पण एकदा केळं सोलता सोलता म्हणाला, "वस्ताद, हमालाची पाठ गेली की आडत्या दुसरी पाठ बघतो. वर्दीचं तसं न्हाई. वर्दीला पेन्शन आसती."

या खेळात वजनाचे गट असतात. माणिक साठ किलोच्या गटात होता आणि भरत होता एकसष्ट. म्हणजे एक किलो उतरवायचं. ते चरबीतून उतरत नाही, पाण्यातून उतरतं. म्हणून स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळपासून मी त्याचं पाणी बंद केलं. ठरलं असं की वजन करून झालं की स्पर्धेला जे दोन तास उरतात त्यात पाणी, ग्लुकोज, मीठ, केळी असं सगळं हळूहळू परत भरायचं. जाणकार सगळे असंच करतात.

पण नांदेडचं काही खायचं-प्यायचं नाही, हे मी निघायच्या आधीच ठरवलं होतं. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी मी एका परगावच्या स्पर्धेला गेलो असताना यजमानांनी पेढे वाटले आणि माझी दोन्ही पोरं ऐन वेळी संडासात बसली. खवा उतरला असेल असं सगळे म्हणाले. माझ्या मनानं ते कधी घेतलं नाही. त्यात साठ किलोच्या गटात माणिकच्या तोडीचा एकच गडी होता आणि तो नांदेडचा. म्हणून मी सगळं घरून घेतलं. पारखलेलं ग्लुकोज, अप्पांनी निवडून दिलेला गूळ, केळी, भाकरी, आणि पाच लिटरच्या कॅनमध्ये उकळून गार केलेलं पाणी. त्या दिवसांत पाच लिटर पाणी घराबाहेर न्यायचं म्हणजे बायकोकडून काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते तुम्हीच समजा.

पहाटेची एसटी धरली. अहमदपूर सोडल्यावर बोनेटमधून वाफा यायला लागल्या. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, झाकण उघडलं आणि रेडिएटर कोरडा ठणठणीत. आजूबाजूला विहीर नाही, ओढा नाही, नुसतं करपलेलं रान. ड्रायव्हरची नजर गाडीभर फिरली आणि माझ्या मांडीवरच्या कॅनवर थांबली.

"द्या इकडं, गुरुजी."

"हे पिण्याचं आहे. खेळाडूचं."

"मग हितंच खेळा," कंडक्टर म्हणाला.

गाडीतले पन्नास जण माझ्याकडे पाहत होते. त्यात एक बाळंतीण होती. मी कॅन दिला. परत आला तेव्हा त्यात पेलाभर पाणी उरलं होतं. माझ्या मनात आलं, नांदेडच्या डेपोची गाडी आहे, हे आधीच ठरलेलं नसेल कशावरून? हे आज लिहिताना मलाच हसू येतं. त्या दिवशी मी गाडीवरचं डेपोचं नाव वाचायला खाली उतरलो होतो.

नांदेडला स्पर्धा पत्र्याच्या एका हॉलमध्ये होती. माणिकचं वजन साठ किलोला अगदी काठावर बसलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी त्याला ते पेलाभर पाणी दिलं आणि मग माझं गणित सुरू केलं. ग्लुकोजचे चार मोठे चमचे, गुळाचा खडा, अर्ध्या तासानं परत ग्लुकोज. पाणी नव्हतं म्हणून कोरडंच. माणिकला गिळवेना. तो तळहातावरची पूड चाटायचा आणि बराच वेळ तोंड हलवत बसायचा. केळी त्यानं कशीबशी खाल्ली. भाकरीला हात लावला नाही.

मी विद्या शिकवणारा माणूस, पण तिचा एक भाग मला तेव्हा कळलेलाच नव्हता. साखर एकटी पोटात गेली की तिला पाणी लागतं, आणि वरून मिळालं नाही तर ती अंगातलंच ओढून घेते. ज्याचं अंग आधीच वाळवलंय त्याला कोरडं ग्लुकोज म्हणजे उपाशी माणसाकडून उसनं मागणं. मीठ तर मी पुडीत बांधून आणलं होतं आणि पाण्यावाचून ते पुडीतच राहिलं.

अशात हणमंतराव आले. नांदेडच्या त्या गड्याचे वस्ताद तेच. मूळचे भोकरकडचे, धिप्पाड, कुरळ्या पांढऱ्या मिशा. एका हातात स्टीलची कळशी आणि दुसऱ्या हातात पेले. आधी त्यांनी आपल्या गड्याला दिलं, मग परभणीच्या पोराला, मग आमच्याकडे आले.

"घ्या वस्ताद. लिंबू, साखर अन् मीठ. पोरगं वाळून चाललंय तुमचं."

"नको. आमचं आहे," मी म्हणालो.

त्यांनी रिकाम्या कॅनकडे पाहिलं. "कुठं हाय? का शंका येऊन राहिली तुम्हाला?"

"तसं नाही."

"हाव, तसंच हाय." ते हसले आणि त्यांनी तोच पेला घटाघटा पिऊन दाखवला. "बघा. अजून उभा हाय मी."

खरं तर तिथं विषय संपायला हवा होता. पण संशयाला पुरावा दिला की तो पुराव्यावर संशय घेतो. मला वाटलं, यांना कुठं बार उचलायचाय? पोट बिघडलं तर यांचं काय जातंय? आणि यांच्या गड्याला दिला तो पेला वरचा होता, आमचा तळाचा. मी माणिकसमोर मोठ्यानं म्हणालो, "इथलं काही तोंडाला लावायचं नाही." माणिक पेल्याकडे बघत होता. त्यानं मान डोलावली आणि नजर खाली घेतली.

हणमंतराव पेला परत भरून तिथंच बाकावर ठेवून गेले. "ऱ्हाऊ द्या हितं. मन झालं तर घ्या."

मग मला बारला लावायच्या लोखंडी प्लेटांचा संशय आला. स्पर्धेच्या प्लेटा यजमानांच्या होत्या. म्हटलं, वजनावर लिहिलेलं आणि खरं वजन सारखं आहे का बघावं. मी पंचांकडे गेलो, काटा मागितला, एकेक प्लेट चढवून पाहिली. सगळ्या बरोबर निघाल्या. यात पंधरा-वीस मिनिटं गेली. माणिक त्या बाकावर, त्या पेल्याशेजारी एकटा बसून होता.

पहिला प्रकार स्नॅच. बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. माणिकनं तिन्ही उचली साफ केल्या आणि नांदेडच्या गड्याच्या पाच किलो पुढे गेला. मी खूश झालो. ग्लुकोज बोलतंय, मी मनात म्हटलं.

दुसरा प्रकार क्लीन अँड जर्क. बार आधी खांद्यावर, मग पाय फाकून डोक्यावर. पहिली उचल त्यानं केली, पण खाली उतरताना पोटावर हात दाबलेला मला दिसला. पत्रा तापला होता, आणि सगळे घामानं निथळत असताना माणिकचं कपाळ कोरडं होतं. दुसऱ्या उचलीत बार खांद्यावर आला आणि तिथूनच खाली गेला. तिसरी शेवटची. तेवढी झाली असती तर तो पहिला होता. बार खांद्यापर्यंत आला. माणिक खाली बसला, उठला, दम घेतला. मग त्याच्या उजव्या पोटरीत गोळा आलेला मला दहा हातांवरून दिसला, लिंबाएवढा, कातडीखाली सरकणारा. बार पुढे पडला. माणिक मागे पडला. आणि मग दोन्ही मांड्या, पोट, हात, सगळीकडून गोळे यायला लागले आणि तो जमिनीवर आखडून कळवळायला लागला.

मी धावत गेलो. आता जे सांगतो ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. मी त्याच्याजवळ वाकलो आणि पहिला शब्द माझ्या तोंडून निघाला तो हा, "पिलास ना? चोरून पिलास ना ते सरबत?"

माणिकनं दात आवळून मान हलवली. नाही.

"खरं सांग!"

त्यानं परत मान हलवली. मी त्याला सोडून उठलो आणि बाकाकडे गेलो. पेला भरलेला होता, काठोकाठ, वर एक माशी तरंगत होती. परत वळलो तेव्हा हणमंतराव माणिकच्या पायाशी बसून पोटरी चोळत होते. त्यांनी आपल्या पोरांना ओरडून कळशी मागवली, माणिकची मान उचलून धरली आणि पेला त्याच्या ओठांना लावला.

माणिकनं तोंड उघडलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागत होता.

मी मान डोलावली. तेव्हा तो प्यायला. एकामागून एक चार पेले. दहा-पंधरा मिनिटांत गोळे उतरले, अर्ध्या तासात तो भिंतीला टेकून बसला. तेवढ्यात माईकवर निकाल सांगितला. नांदेडचा गडी पहिला, लातूरचा दुसरा, फरक अडीच किलोचा. राज्याला पहिलाच जाणार होता. निघताना कळलं की नांदेडलाही पाण्याचे हालच होते, आणि कळशीतलं पाणी हणमंतरावांच्या घरच्या हंड्यातलं होतं. मी त्यांना हात जोडले. ते म्हणाले, "पुढच्या बारीला तुमचं सरबत आमच्या पोराला पाजा, झालं." त्यांच्या बोलण्यात टोचण होती की नाही हे मी एसटीत बसून तपासत राहिलो. नव्हती.

भरती झाली, माणिकचं नाव लागलं नाही. राज्याचं प्रमाणपत्र असतं तर लागलंच असतं असं मी छातीठोक म्हणत नाही, पण मला तसंच वाटतं आणि त्याची लाज अजून वाटते. पुढच्या वर्षी वय गेलं. तो आडतीवर परतला. मी व्यायामशाळेत एक मोठा माठ आणून ठेवला आणि त्यात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करायला लागलो, दुष्काळातसुद्धा. कुणीही उठून प्यावं. आयोडीनची बाटली शाळेला परत केली. संशय काही परत करता आला नाही, तो अंगात मुरलेला आहे.

परवा अप्पांच्या नातवाच्या लग्नात माणिक भेटला. पाठ वाकली आहे. वर्दीवाल्यांच्या पाठी वाकत नाहीत असं नाही, पण पेन्शन येते. आम्ही मांडवाच्या कडेला खुर्च्या घेऊन बसलो. इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं.

"माणिक, मी प्लेटा मोजत होतो तेव्हा पंधरा-वीस मिनिटं तू एकटा होतास. पेला शेजारी होता. तहान लागली होती ना?"

"लई. जीभ टाळूला चिकटली व्हती."

"मग पिऊन टाकायचं होतंस. मला कुठं कळणार होतं?"

माणिक म्हणाला, "पिलो आसतो, वस्ताद. हातात घेतला बी व्हता पेला. पन तुमी परत येऊन इचारनार, हे मला ठावं व्हतं. अन् मंग मला तुमच्याशी खोटं बोलाया लागलं आसतं."